छत्रीवाली मोटारसायकल

“ह्यानं मोटारसायकलीवर छत्री धरलीय. त्या गाडीवर सून पेपराला पोचायची न्हाई,” मामंजी अंगणात धाकट्या भावजींना सांगत होते. मी दाराआड आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तर ही छत्री म्हणजे पुढचं मडगार्ड. यांनी रद्दीतून एक परदेशी मासिक आणलं होतं. त्यात डोंगरात, चिखलात पळवायच्या जुन्या गाड्यांचे फोटो होते आणि सगळ्यांचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच. यांनी आपल्याही गाडीचं तसंच करून घेतलं. मला ती नुसती हौस वाटली.

डी.एड.च्या शेवटच्या पेपराआधी रात्रभर पाऊस झाला. पिंगळी स्टेशनापर्यंत सगळी काळी माती. मामंजींनाही तीच रेल्वे गाठायची होती. ते भावजींच्या नव्या गाडीवर पुढं, आम्ही मागं. ओढ्यापाशी बघतो तर नव्या गाडीच्या मडगार्डात चिखल ठासून चाक जाम झालेलं, आणि दोघं काडीनं माती उकरताहेत.

आमचं चाक मात्र फिरत होतं. चिखल उडायचा, छत्रीला थडकायचा, गळून पडायचा. मी थक्क होऊन बघत राहिले. कुठल्या मुलखातली ती मासिकातली माणसं! पण चिखलानं त्यांनाही आमच्यासारखंच छळलं असणार, त्याशिवाय हे सुचलं नसतं.

यांनी गाडी हळू केली, तसे मामंजी ओरडले, “थांबू नगं! तिचा पेपर बुडंल!”

लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्याशी आपणहून बोलले.

“मामंजी, छत्रीखाली एकाची जागा हाय. येता का?”