दरीवाला बंगला

बायकांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यानं कप खाली ठेवावा आन् माझं ऐकावं. डाक्टरनं आमच्या आबांना, म्हंजी माझ्या वडलांना, हवापालट सांगितली. सगळं घर महाबळेश्वरला गेलं. तितल्या माणसानं दोन बंगले दावले. दोन्हीत निजायच्या खोल्या दोनच. पहिल्यात खोल्या एकामागं एक, पण पुढच्या खोलीतनं दरी दिसायची. दुसऱ्यात मधी बसाउठायचा सोपा, दोन टोकांना खोल्या, दरी मातूर न्हाय.

"दरीवालाच घिऊ," आबा म्हणाले. त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. मीबी मान डोलावली.

तीन वर्सं सासऱ्यापुढं चकार शब्द न काढलेली माझी बायको पदर सावरून म्हणाली, "मामंजी, मागच्या खोलीला दुसरं दार न्हाय. पहाटं चुलीकडं जाताना मी रोज तुमच्या खाटंजवळनं जाणार. तुमी दरी बघणार का धोतर सावरणार?"

मी डोळंच मिटून घेतलं.

आबा खेकसले ते माझ्यावर. "हिला एवढी अक्कल हाय, हे तीन वर्सं लपवलंस व्हय रं?"

दुसरा बंगला घेतला. पुढं आमच्या माळेगावात घर बांधलं, तवा आबांनी गवंड्याला बजावलं, "दारं कुठं ठेवायची ते मला न्हाय, सूनबाईला विचार."