चांगल्याच्या खालचा शब्द

भागाबाई : 'बढिया' नाई म्हणायचं, गीता. किती येळा सांगू तुले?

गीतांजली : अरे आई, मुँह से निकल जाता है. दिवसभर प्लेस्कूलमध्ये मुलांशी हिंदीच बोलते ना मी. बढियाला मराठीत काय म्हणायचं मग?

शेषराव : उत्तम. छान. सुरेख. उत्कृष्ट. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही.

भागाबाई : तुम्ही पेपर वाचा. तिले नागपूरच्या परिचय मेळाव्यात स्टेजवर उभं राहून सोताबद्दल बोला लागते. तुमचे शब्द लग्नपत्रिकेतले असतेत.

शेषराव : मेळाव्यात माणूस लग्नासाठीच जातो. शब्द पत्रिकेतलेच लागतील.

भागाबाई : बरं, सांग. स्वभाव कसा आहे तुझा?

गीतांजली : चांगला.

भागाबाई : चांगला तर सारेच सांगतेत. तिथं चोर आला तरी चांगलाच म्हणन.

गीतांजली : मग शांत?

भागाबाई : शांत म्हटलं का लोकायले वाटते, पोरगी घुमी आहे.

शेषराव : मनमिळाऊ म्हण.

गीतांजली : मनमिळाऊ. हे जमेल. आणि स्वयंपाक?

भागाबाई : उत्तम.

गीतांजली : खोटं आहे ते. माझ्या पाटवड्या कढईत फुटतात, तुम्हीच बोलता.

शेषराव : बेताचा. 'स्वयंपाक बेताचा येतो.' कमी नाही, जास्त नाही, आणि खोटंही नाही.

भागाबाई : घ्या. सुनेचं लग्न जमवून राहिले का मोडून राहिले तुम्ही?

शेषराव : मी फक्त शब्द सांगितला.

गीतांजली : आई, सासूच सुनेला लग्नासाठी घेऊन आली हे बघून अर्धे लोक तिथेच गार होतात. मागच्या वेळी बघितलं ना?

भागाबाई : होऊ दे गार. तुझ्या बाबायले म्या दुर्गले तुझ्या माहेरी जाऊन विचारलं. ते म्हणे, आमी एक डाव करून देल्लं, आता पोरगी तुमची. माझी आहे तर मी उजवीन. धनंजयले अहिवाऱ्याच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं, त्यात तुझा काय दोष? चाल, पुढं. सासरी माणसं किती पाह्यजे तुले?

गीतांजली : बहोत सारे.

शेषराव : पुष्कळ. भरपूर. भरलं घर.

भागाबाई : पुष्कळ कावून पण? पुष्कळ माणसं म्हंजे पुष्कळ भांडे.

गीतांजली : भांडायला तरी कोणी पाहिजे ना. तुम्ही दोघं तर मला रागावतसुद्धा नाही.

भागाबाई : हे नको सांगू तिथं. बरं, आता तो प्रश्न. मंडळाच्या बाई इचारतीनच. पहिले यजमान कसे होते?

गीतांजली : तो आज नको.

भागाबाई : तोच पाह्यजे. मागच्या डावाले तिथंच अडलं. राजनांदगावच्या लोकायले तू पसंत होती. पोराच्या मायनं तुले बाजूले बसवलं, सोताच्या बाटलीतलं पाणी देल्लं. मंग तू माईक घेतला...

गीतांजली : आणि म्हणाले की धनंजय चांगले होते. मग काय खोटं बोलू?

भागाबाई : तेवढ्यावर कुठं थांबली? प्रेमळ म्हणाली, हसरे म्हणाली, असा माणूस पुन्हा भेटत नाही म्हणाली. ती बाई मले जिन्यात भेटली. म्हणे, पोरगी लाखात एक आहे, पण माह्या पोराले जल्मभर तुमच्या पोरासंग तोलन ते. मरेल माणसाची बरोबरी कोण करन?

शेषराव : म्हणजे आता आपल्या मुलाला वाईट म्हणायचं?

भागाबाई : वाईट नाई. कमी चांगलं.

शेषराव : उमदा मुलगा होता. कर्तबगार होता. सेक्टर सहाच्या बाजारात अजून लोक थांबवून त्याचं नाव काढतात माझ्याजवळ. मी त्यातला एक शब्द कमी करणार नाही.

भागाबाई : नका करू. तुमचं कुठं लग्न जमवा लागते? शब्द कमी करा लागते तिले.

शेषराव : तू आई आहेस त्याची.

भागाबाई : म्हणूनच मी कमी करून राहिली. दुसऱ्या कोणाले करू देल्लं असतं का?

गीतांजली : मला जायचंच नाही मेळाव्याला. इथे काय कमी आहे मला?

भागाबाई : काई कमी नाई. पण आमी किती दिवस पुरतो? बाबायची अँजिओप्लास्टी झाली, माह्या गुडघ्यायनं जिना सोडला. आमच्या मांगं तू या हुडको कॉलनीतल्या घरात एकटी राह्यशीन. मले त्याची भीती वाटते, गीता. पोराचं दुःख सोसलं, हे नाई सोसत. म्हण आता. पहिले यजमान कसे होते?

गीतांजली : चांगले होते.

भागाबाई : खाली ये.

गीतांजली : छान होते.

शेषराव : ते वर गेलं.

भागाबाई : तुम्ही गप बसा. चांगल्याच्या खाली काय येते?

गीतांजली : मला नाही माहीत.

भागाबाई : त्यायले इचार. शब्द त्यायच्याकडं असतेत.

गीतांजली : बाबा?

(शेषराव पेपरची घडी घालतात. मग ती उलगडून पुन्हा घालतात.)

शेषराव : बरे. 'बरे होते' म्हण.

गीतांजली : बाबा, तुम्ही पण?

शेषराव : त्यात अपमान नाही काही. तब्येत बरी आहे, पीकपाणी बरं आहे, असं लोक म्हणतातच. ऐकणाऱ्याला त्रास होत नाही त्या शब्दाचा.

भागाबाई : ऐकलं? म्हण.

गीतांजली : माझे पहिले यजमान... बरे होते.

भागाबाई : मधात थांबू नको. थांबली का लोक वळखतेत.

गीतांजली : बरे होते.

भागाबाई : डोये वर. माह्याकडं पाह्य.

गीतांजली : तुमच्याकडे बघून नाही होणार, आई.

भागाबाई : माह्याकडं पाहून जमलं तर तिथं कोणाकडंही पाहून जमन.

गीतांजली : आधी तुम्ही म्हणून दाखवा.

शेषराव : भागा, राहू दे आता. चहा ठेव.

भागाबाई : बरा होता माहा धनंजय. म्हण तू आता.