मोबाइलनं सांगितलं असतं तर

(डॅन्यूबकाठचं रूसे शहर. दातांच्या कॅप बनवणारे मेतोदी, त्याच कामातली त्यांची मुलगी इस्क्रा, आणि पुढच्या दाताची कॅप बदलायला आलेली जुनी शेजारीण झ्लात्का.)

मेतोदी : दाताचा फोटो बघून आता कुठला रंग सांगतोय तुझा मोबाइल?

इस्क्रा : दिव्याखाली ए-दोन, बाबा. खिडकीपाशी ए-तीन.

मेतोदी : आणि मघाशी बी-एक! एकाच दाताचे तीन रंग. कोर्टात असली साक्ष कोणी ग्राह्य धरेल का?

झ्लात्का : अरे, उरका की! रविवारी नातीचं लग्न आहे. नवऱ्याशी भांडतानाही एवढा वेळ तोंड उघडं नव्हतं माझं.

मेतोदी : हिच्या आईला यंत्रबिंत्र लागायचं नाही. आधी लिपस्टिक पुसायला लावायची, डोळे निवायला क्षणभर निळ्या कापडाकडे बघायची, मग दाताकडे. की रंग सांगून मोकळी!

झ्लात्का : माझी ही कॅप तिनंच जुळवलेली. बत्तीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. रंग बघता बघता चेरीच्या मुरांब्याची कृती सांगत होती मला. फार आठवण येते रे तिची.

मेतोदी : मला विचार. या खोलीत अजून तिच्याशीच बोलत असतो मी. जाऊ दे. इस्क्रा, हा रंगाचा नमुना घे. शेजारच्या दाताशी तंतोतंत जुळतोय.

इस्क्रा : थांबा, बाबा. हे दोन नमुने बघा. यातला पिवळा कुठला?

मेतोदी : बापाची परीक्षा घेतेस? दोन्ही सारखेच.

झ्लात्का : मेतोदी... अरे, डावा केवढा पिवळा आहे. मलासुद्धा दिसतोय.

मेतोदी : उजेडात धर. अजून जवळ. ...नाही गं. नाही दिसत.

इस्क्रा : मोतीबिंदू असेल. दाखवू आपण. बरा होतो तो.

मेतोदी : म्हणजे गेल्या महिन्यात मी रंग जुळवलेल्या त्या सहा कॅप?

इस्क्रा : परत आल्या होत्या. मी नव्या करून पाठवल्या.

मेतोदी : आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?

इस्क्रा : कोणत्या तोंडानं बोलू? आई गेल्यापासून या टेबलाच्या आधारानंच तर उभे आहात तुम्ही. म्हटलं, तुमचं चुकतंय हे मोबाइलच सांगेल, मला सांगावं लागणार नाही. तर या मेल्याचंच धड एक मत नाही!

मेतोदी : मग त्या सहा कशावरून जुळवल्यास?

इस्क्रा : बघून. नुसत्या डोळ्यांनी.

मेतोदी : आणि त्यातली एकही परत आली नाही?

इस्क्रा : नाही, बाबा.

मेतोदी : ...झ्लात्का, इकडे नको, तिकडे वळ. आता इस्क्रा बघेल.