काबदेन आगांचा शेवटचा प्रयोग

...अहो, चूल असती तर झाकण तरी घातलं असतं! सूर्यासारखी ऊर्जा काढायला कोटी अंशांना तापवलेला वायू, कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून चुंबकांच्या कुंपणात अधांतरी कोंडायचा, आणि हा पठ्ठ्या काय करतो? आतल्या आत भोवरे घालतो, आणि ते भोवरे सगळी ऊब उचलून भिंतीकडे नेतात! समीकरण म्हणतं थोडी जाईल, जाते पन्नासपट. ऊब निसटतेच!

तुम्हाला सांगतो, आमचे प्रमुख काबदेन आगा, इर्तिश नदीकाठच्या या उजाड माळावरच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं त्या भोवऱ्यांच्या मागे! त्यांची बायको म्हणायची, "माझ्याकडे एवढं बघितलं असतंत तर..." गेली बिचारी. शुक्रवारी आगांची निवृत्ती. सकाळी मला म्हणाले, "सागिन्ताय, जाता जाता एकदा बघू."

दाबलं बटण... आतल्या उबेचा आकडा वर गेला आणि तिथंच! उतरेचना! आगा रडले हो! संचालक राइम्बेक ओरडत आले, "ऊब थांबली! राजधानीत फोन लावा!" निरोपाचं मटणाचं बेशबर्माक तयार होतंच, वर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस, वर भाषणं... आणि मी सहज यंत्रामागे डोकावलो, तर मापकाची तार सैल! आकडा अडकलेला! आणि तार तपासल्याची सही कुणाची? माझी! दुसरा मापक बघितला. ऊब निसटतेच!

आता सांगू की गिळू? म्हातारा कधी नव्हे तो हसतोय... पण खोटा आकडा जगभर गेला तर? गेलो, कानात सांगितलं. आगा घास चावत म्हणाले, "ठाऊक आहे."

"ठाऊक?"

"पोरा, भोवऱ्यांचा आकडा असा गप्प बसतो होय? थरथरतो तो. दोन घास आनंदानं खाऊ दे की रे!"

खाल्ले, हात पुसले, उठून सगळ्यांना स्वतःच सांगून टाकलं. माझ्या सहीचं अवाक्षर नाही! राइम्बेक पांढरेफटक. फोन तर होऊन गेलेला! मग एकदम म्हणतात, "प्रश्न सुटला नाही ना? मग निवृत्ती कसली? दोन वर्षं वाढवली!"

आणि आगांच्या खुर्चीसाठी अकरा वर्षं थांबलेला मी? मी टाळ्या वाजवल्या! दुसरं काय करणार?

आता रोज सकाळी तार दोनदा आवळतो. ऊब निसटतेच, पण किती निसटली ते... अगदी बिनचूक कळतं!