मंगलच्या दारात दोन मास्तर

वहिनी, सरांची दोन्ही लेकरं, मुख्याध्यापक साहेब, गावकरी मंडळी, आणि माझ्या हातचा मार खाऊन मोठी झालेली पोरं-पोरी हो.

माझ्या आधी पाच जण बोलले. सगळे चांगलं बोलले. बावीस वर्षं आम्ही दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. भालेराव सर 'होते' असं म्हणायला माझी जीभ अजून तयार नाही. तेव्हा जसं येईल तसं बोलतो, सांभाळून घ्या.

मला तुम्ही ओळखता. शिंदे मास्तर. गणित आणि पीटी. आणि निरगुडीची छडी. हसा, हसा. ज्यांनी खाल्ली तेच हसायलेत.

भालेराव सरांकडं छडी नव्हती. त्यांची एक वेगळीच रीत होती. दर रविवारी वर्गातल्या सगळ्यात उचापती पोराच्या घरी जायचं. तक्रार करायला नाही. नुसतं बसायला. मी म्हणायचो, सर, सुट्टीच्या दिवशी कशाला ही कटकट? तर म्हणायचे, "शिंदे सर, हे लेकरू आपल्याला वर्गात पाच तास दिसतं. बाकीचं कुठं असतं ते बघून तरी येऊ."

बोलायला चांगलं आहे. पण मंडळी, आपल्या गावात मास्तर घरी कशाला येतो? तक्रारीला. दुसरं कारण कोणाला ठाऊकच नाही.

पहिल्या रविवारी सर एका पोराच्या घरी गेले. अंगणात पाऊल टाकलं, नमस्कार म्हणाले. पोराच्या बापानं नमस्कार घेतला नाही. आधी चप्पल काढली, पोराला तीन हाणल्या, चप्पल परत पायात घातली आणि मग हात जोडून म्हणाला, "हां, बोला सर, काय केलं ह्यानं?" सर म्हणाले, "काहीच न्हाई हो. सहज आलतो." बाप पेचात पडला. मार तर देऊन झालता. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. पुढच्या येळंच्या हिशोबात धरू."

दुसऱ्या रविवारी दुसऱ्या घरी. त्या आईनं सरांना लांबूनच बघितलं आणि पोराला मागच्या भिंतीवरून पळवून लावलं, ते थेट पालमला मामाच्या घरी. तीन दिवस शाळेत आलं नाही. तिसऱ्या शनिवारी पोरांचं शिष्टमंडळच सरांपुढं उभं राहिलं. "सर, आमी शाण्यावानी वागताव. पण घरी तेवढं येऊ नका."

मला लय आनंद झाला. म्हणलं, बघा सर, तुमच्या भेटीला पोरं माझ्या छडीपेक्षा जास्त भितेत.

सरांनी आठवडाभर विचार केला. मग त्यांनी तोड काढली. घराच्या बरंच अलीकडून, रस्त्यावरूनच ओरडायचं, "अहो, तुमच्या पोराकडं माझं काम हाय. मला शिकायचंय त्याच्याकडून." मास्तरच शिकायला आलाय म्हणल्यावर बापाचा हात चपलीपर्यंत जाईना. असं करत करत हा माणूस गोफण फिरवायला शिकला, म्हशीची धार काढायला शिकला, पत्र्यावर चढून डिश नीट करायला शिकला. शिकला म्हणजे काय, एकातही पास झाला नाही. म्हशीनं तर दोनदा नापास केलं.

पण ज्या पोरानं रविवारी सरांचा हात धरून गोफण शिकवली, ते सोमवारी सरांच्या तासाला कालवा कसा करणार? केलाच तर बाकीची पोरं म्हणायची, "अरे, तुझा विद्यार्थी बोलायलाय, बोलू दे की त्याला."

आता मंगलचं सांगतो. ती बघा, पुढं बसली आहे. आज रजा टाकून आली. आपली एसटीची कंडक्टर. तुमच्यातल्या निम्म्यांना तिनं 'मागं सरका' म्हणून दटावलेलं आहे, त्यामुळं वेगळी ओळख नको.

मंगल तेव्हा नववीत होती. फळ्यावर गणित चुकली. माझी सवय अशी, की एकाची चूक सगळ्या वर्गाला ऐकवायची. मी म्हणलं, बघा रे, हिच्या डोक्यात निव्वळ भुसा आहे. मंगलनं खडू ठेवला. माझ्या टेबलावरची छडी उचलली, गुडघ्यावर मोडली, दोन्ही तुकडे माझ्यापुढं नीट मांडले आणि म्हणाली, "घ्या सर, एकाच्या दोन झाल्या. हे गणित बरोबर हाय का?"

वर्ग हसला. मी कसा हसणार? तडक ऑफिसात गेलो. म्हणलं, ही पोरगी राहील नाहीतर मी राहीन. तेव्हाचे हेडमास्तर आमच्या रोजच्या भांडणाला बेजार झालेले होते. त्यांनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहायला लावला, सही केली. बापाच्या हातात द्यायचा तेवढा राहिला.

भालेराव सर मला म्हणाले, "द्यायचा तर द्या. पण रविवारी तिच्या घरी जाऊन येऊ. बसून येऊ नुसतं. मग ठरवा." मी लगेच हो म्हणलं. मी इतक्या लवकर हो म्हणीन असं त्यांना वाटलं नव्हतं. माझ्याकडं बघतच राहिले.

मंगलचं घर म्हणजे शेतातला आखाडा, गोठ्याला लागून दोन खोल्या, गावापासून तीन किलोमीटर. सर आपली सायकल हातात धरून माझ्याबरोबर पायी चालले. सायकल असून पायी का? कारण मला सायकल येत नव्हती.

काय झालं? असं काय बघताय? होय, पीटीच्या मास्तराला सायकल येत नव्हती. पायी चालण्याचे फायदे यावर मी दर वर्षी भाषण द्यायचो ना, ते याच्यामुळं. गावात हे एकट्या भालेराव सरांना ठाऊक होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मंगलचा बाप बाजेवर बसला होता. त्यानं आम्हाला बघितलं. एक मास्तर आला तर चप्पल. इथं दोन मास्तर आलेले. सरांनी रस्त्यावरून ओरडायच्या आतच तो उभा राहिला. त्यानं चप्पल काढली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाला, "दोघं आलाव म्हणजे पोरीनं इज्जत घालवली. बसा. काई सांगू नका. उद्यापासून येणार न्हाई ती शाळंला. सोनपेठकडचं एक स्थळ आलंय. हो म्हणून टाकताव."

चौदा वर्षांची पोर होती. दारात हंडा घेऊन उभी होती. वर्षभर मला वाटायचं, हिचं तोंड एकदा बंद झालेलं बघायचंय. ते मी त्या दिवशी बघितलं.

मी काही करायच्या आत भालेराव सर एकदम बोलले. "अहो, तक्रारीला न्हाई आलो. ह्या शिंदे सरांना सायकल येत न्हाई. तुमची मंगल शिकवील का, ते विचारायला आलोत."

बाप माझ्याकडं बघायला लागला. "सायकल? एवढ्या मोठ्या माणसाला?"

"न्हाई येत."

"पीटीच्या मास्तराला?"

"न्हाई ना."

दारातून पहिल्यांदा हसू आलं. मग बापही हसला. हसता हसता म्हणाला, "मग स्थळाला काय सांगू?"

सर म्हणाले, "थांबा म्हणावं. सरांचं डोकं जरा जड हाय. दहावीपर्यंत तरी वेळ लागंल."

परतीच्या वाटेवर मी सरांशी एक शब्द बोललो नाही. पुढं महिनाभर बोललो नाही. माझं गुपित त्यांनी असं बाजेवर मांडून ठेवलं, याचा मला लय राग होता.

पण रविवारी जावं तर लागलं. नाही गेलो असतो तर बापाला कळलं असतं, आणि स्थळ पुन्हा दारात आलं असतं. शेताच्या पांदणीनं मी सायकलवर आणि मागं सीट धरून मंगल. "सर, चाकाकडं कामून बघायलाव? पुढं बघा." मी किती वेळा पडलो ते विचारू नका. दर रविवारी तुरीत. एकदा तर चिखलात उताणा पडलो आणि डोळे मिटून वाट बघत राहिलो, की आता ही म्हणणार, डोक्यात भुसा आहे. तिची पाळीच होती. मंगल म्हणाली, "सर, आज मागच्यापेक्षा चार हात लांब येऊन पडलाव."

मंडळी, मी इतकी वर्षं शिकवलं. असं वाक्य मी एकाही पोराला कधी म्हणलं नव्हतं.

आणि सोमवारी शाळेत शिरताना मी आधी पोरांची तोंडं बघायचो. वाटायचं, आज सगळ्या शाळेला कळलं असणार. कोणालाच कळलं नाही. पुढच्या सोमवारीही नाही. तिनं आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मी तिची एक चूक चाळीस जणांना ऐकवली होती. माझी तिनं एकालाही ऐकवली नाही.

ती काही गरीब गाय झाली नाही, गैरसमज नको. भांडायची. पण आता खेटून बसून, वही पुढं करून भांडायची. कधी म्हणायची, "सर, आज मला उठवू नका, आज डोकं ठिकाणावर न्हाई." मी म्हणायचो, बरं. एवढंच तर होतं. नवी छडी आणायची मग राहूनच गेली.

सायकल मला तीन महिन्यांत आली. पण बाप भेटला की विचारायचा, "सर, आली का?" मी म्हणायचो, अजून वळण जमत नाही. दहावी झाली, तेव्हा म्हणलं, उतार जमत नाही. बारावीला म्हणलं, ब्रेकचं जरा राहिलंय. मग तिला नोकरी लागली आणि बापानं विचारायचं सोडलं.

आता शेवटचं. हे सांगायला माझी छाती होत नाही, पण ते सांगायचंच, असं मला बजावलेलं आहे.

मागच्या महिन्यात मी परभणीला दवाखान्यात सरांना भेटायला गेलो. एवढ्या वर्षांनी विचारलं, सर, त्या दिवशी माझी इज्जत का घालवली? दुसरं काही नव्हतं का सांगायला? सर हळूच म्हणाले, "शिंदे सर, तुमचा हात खिशात गेलता."

मी उगाच त्यांचं पांघरूण नीट करायला लागलो. ते पुढं म्हणाले,

"निघतानाच मला तुमच्या खिशातून कागदाचं टोक दिसलं होतं. म्हणलं, तिथं बसले की विचार बदलतील. पण बापानं स्थळाचं काढलं तरी तुमचा हात चाललेलाच. मला दुसरं काही सुचलं न्हाई."

मंगल, तुझा दाखला त्या दिवशी माझ्या खिशात होता. मी तुझ्या घरी बसायला आलो नव्हतो. द्यायला आलो होतो. तुझ्या लग्नाचं तुझा बाप बोलला ते मी नीट ऐकलं होतं, आणि तरी तो कागद मी अर्धा बाहेर काढला होता. सर मधी पडले म्हणून तू शिकलीस. मी तुझ्याकडून सायकल शिकलो, पण हे तुला सांगायची हिंमत मला कधी झाली नाही. मला माफ कर.

दवाखान्यात सरांनी विचारलं, "तिला सांगितलं का?" मी म्हणलं, नाही. तर म्हणाले, "मग माझ्या शोकसभेत सांगा. लोक माझ्या दुःखात असतील, तुमच्यावर कोणी चिडायचं न्हाई. ती मात्र ऐकवल्याशिवाय ऱ्हायची न्हाई. तयारीनं जा."

सांगितलं, सर.

मंगल, बाई, तुला काय ऐकवायचं ते ऐकव. मी कुठं जात नाही, इथंच उभा आहे. फक्त आधी दोन मिनिटं दे. मंडळी, सगळे उभे राहा. ही दोन मिनिटं भालेराव सरांची.

जय भीम, सर.