यंत्रानंतरची गोळी

—नको ताई, पडदा ओढू नकोस. ऐकू दे वॉर्डाला. हातात या नळ्या असताना मी काही पळून जात नाही, आणि तूही बसायलाच आलीयस ना — मग बस.

‘ती वेडाची गोळी आता तरी सोड’ म्हणालीस. तिनंच किडन्या खाल्ल्या — खाल्ल्या, मान्य. वीसेक वर्षं हळूहळू खाल्ल्या. पण त्या वर्षांत मी काय केलं? शाळांचे गणवेश शिवले, पोरगी वाढवली, नवरा गेला तेव्हा कोलमडले नाही. त्याआधी मी कशी होते ते तुला काय सांगायचं — तूच तर मला दवाखान्यात नेलं होतंस, दोन्ही हात घट्ट धरून.

आणि सोडून पाहिली की गेल्या वर्षी. किडनीच्या डॉक्टरांनी बंद केली, मनाच्या डॉक्टरांनी दुसरी दिली — ती लागूच पडली नाही. आधी झोप उडाली. मग मशीनवर बसले ती उठलेच नाही — शिलाईच्या मशीनवर गं — कोणी न सांगितलेले कपडे शिवत. मग एकदम भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पोरगी चमच्यानं पाणी पाजायची. बरी झाले तेव्हा दोघा डॉक्टरांना मीच एका खोलीत बसवलं, म्हटलं, काय भांडायचं ते माझ्यासमोर भांडा. आता कसं — डायलिसिस झालं की तीच जुनी गोळी, एक छोटी. आधी घेतली तर हे यंत्र धुऊन नेतं, आणि मधल्या दिवशी घ्यायची नाही, बाहेर पडायला वाटच नसते तिला, अंगात साठून विष होईल. रक्त तपासत तपासत चाललंय. चाललंय ना? हा हात बघ — थरथरतोय का?

काय? पोरीची किडनी? अगं, ती तर कधीचीच तयार होती, सगळं जुळलंही होतं —

नाही. डॉक्टर नको म्हणाले नव्हते. मी नको म्हणाले. तिला मात्र सांगितलं, डॉक्टरच नको म्हणतात. मग काय करू? गोळी मी सोडणार नाही, आणि तिची किडनी त्याच गोळीच्या तोंडी देऊ? डॉक्टर म्हणतात, जपू. जपतीलही. पण डोकं माझं आहे, त्याची किंमत माझ्याच अंगातून जाऊ दे. यात मला कोणाचा सल्ला नकोय — तुझाही नको.

रडतेस कशाला आता? आणि तिच्याकडे चकार शब्द काढायचा नाही.

ती बघ, दारात आलीच. डोळे पूस. तिला खुर्ची दे, आणि तू नीघ.