मीटिंगमध्ये तुरीच्या शेंगा

अगं, हुडकेश्वरच्या पल्याड आमची भाजीपाला सोसायटी आहे ना, तिथं मी अन् रेखा संचालक झालो तेव्हाची गंमत ऐक. बाया आम्ही दोघीच, बाकी सारे माणसं. मीटिंग ठेवत संध्याकाळी, ऐन सैपाकाच्या वक्ताले. फवारणीचा पंप बायांच्या पाठीले जड जाते, म्हणून सोसायटीनं हलके पंप घ्यावे, असं आमचं म्हणणं. पण तो विषय निघे सगळ्यात शेवटी, आम्ही घरी गेल्यावर. "बायाच थांबत नाही," म्हणून दर वेळी पुढं ढकलत.

रेखा म्हणे, "आपण सैपाकच तिकडं नेऊ वं."

पुढच्या मीटिंगले आम्ही पिशवीभर तुरीच्या शेंगा टेबलावर ओतल्या. अध्यक्ष दचकले. "हे काय होय, ताई?"

"रात्री या हिरव्या दाण्याची, सोल्याची भाजी करायची आहे, भाऊ. तुम्ही बोला, आम्ही ऐकून राहिलो."

खताच्या गोष्टी निघाल्या अन् बोलता बोलता अध्यक्षांनीच एक शेंग सोलली. मग दुसरी. थोड्या वेळानं सारेच सोलून राहिले. शेंगा संपेस्तोवर ना आम्ही उठलो, ना कोणी दुसरं. शेवटी पंपाचा विषय निघाला, अन् पंप मंजूर झाले.

अध्यक्ष हात झटकत म्हणाले, "पुढची मीटिंग दुपारी ठेवू. अन् मी शेंगा सोलल्या हे आमच्या घरी सांगू नका बरं."

रेखा म्हणाली, "भाऊ, शेंगा वहिनीनंच पाठवल्या."